आगाऊ रक्कम भरण्याआधी

निवृत्तीनंतर मी एका रुग्णालयाच्या एथिक्स कमिटीवर ‘सामान्य नागरिक’ म्हणून आले. औषध चाचण्यांसंबंधीच्या २०१९च्या नियमांनुसार अशा समितीत किमान सात सदस्य लागतात. त्यात एक स्त्री, एक कायद्याचा जाणकार आणि वैद्यकाबाहेरचा एक साधा माणूस असावाच लागतो. माझी सगळी नोकरी पतसंस्थेच्या कर्ज विभागात गेली. त्यामुळे स्टेम सेल चाचणीची फाइल आली की डॉक्टर मंडळी पेशींबद्दल वाचतात, मी खर्चाचं पान आधी उघडते.

या सवयीमागे एक जोडपं आहे. सोनेतारण कर्जासाठी आमच्याकडे आलं होतं. सहा वर्षांच्या मुलाला सेरेब्रल पाल्सी. बाईंनी रुमालाची गाठ सोडून पाटल्या, गोठ आणि लग्नातला हार काउंटरवर ठेवला. कारण म्हणून एका क्लिनिकचं कोटेशन जोडलं होतं : स्टेम सेलची तीन इंजेक्शनं, फिजिओथेरपी, आठवडाभराची राहण्याची सोय, सगळं मिळून ‘पॅकेज’. रक्कम आगाऊ. तळाशी बारीक अक्षरांत, फायद्याची हमी नाही आणि पैसे परत मिळणार नाहीत. कर्ज मंजूर झालं, इंजेक्शनं झाली. मुलगा चालू लागला नाही. दागिने सोडवून न्यायला मात्र त्या घराची चार वर्षं गेली.

मूलपेशी, म्हणजे स्टेम सेल, या शरीरातल्या अशा पेशी की ज्यांच्यापासून वेगवेगळ्या कामांच्या पेशी तयार होऊ शकतात. रक्ताच्या कॅन्सरमध्ये किंवा थॅलेसेमियात होणारं बोन मॅरो ट्रान्सप्लांट हा मूलपेशींचाच उपचार आहे, आणि तो सिद्ध झालेला आहे. त्याच्या पुण्याईवर ऑटिझम, मणक्याची इजा, सेरेब्रल पाल्सी अशा आजारांवर इंजेक्शनं विकली जातात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार असे वापर अजून संशोधनाच्या पायरीवर आहेत. ते मंजूर चाचणीतच करायचे.

मूलपेशींवरून जगभर वाद गाजला तो भ्रूणाचा. १९९८ साली अमेरिकेत जेम्स थॉमसन यांनी मानवी भ्रूणातून मूलपेशी वेगळ्या केल्या. त्यात भ्रूण नष्ट होतं, म्हणून प्रश्न उठला. २००१मध्ये राष्ट्राध्यक्ष बुश यांनी सरकारी पैसा आधीपासून असलेल्या पेशीसमूहांपुरताच ठेवला, आणि त्या यादीत मुंबईच्या रिलायन्स लाइफ सायन्सेसचे पेशीसमूहही होते. पुढे शिन्या यामानाका यांनी साध्या पेशींना मागे नेऊन मूलपेशींसारखं करून दाखवलं आणि वादाची धार कमी झाली. आपल्याकडे भ्रूण प्रयोगशाळेत चौदा दिवसांपलीकडे वाढवता येत नाही, आणि टेस्ट ट्यूब उपचारातून उरलेलं भ्रूण संशोधनाला द्यायचं तर जोडप्याची संमती लागते. हे प्रश्न मोठे आहेत. पण माझ्या ओळखीतली घरं त्यापायी बुडालेली नाहीत. ती बुडतात पॅकेजपायी.

कायदा नाही असंही नाही. मार्गदर्शक तत्त्वं म्हणजे कायदा नव्हे, पण २०१९चे नियम मूलपेशींपासून केलेल्या उत्पादनाला ‘नवीन औषध’ मानतात, म्हणजे औषध नियंत्रकांची परवानगी आलीच. पळवाट इथेच काढली जाते. “तुमच्याच पेशी काढतो, तुम्हालाच परत देतो, यात औषध कुठे आलं?” ऐकायला किती निर्धोक वाटतं! फ्लोरिडातल्या एका क्लिनिकने तीन वृद्ध स्त्रियांच्या पोटाच्या चरबीतून काढलेल्या त्यांच्याच पेशी त्यांच्या डोळ्यांत टोचल्या. दोन्ही डोळ्यांत, एकाच दिवशी. तिघींचीही दृष्टी जवळजवळ गेली. ही हकीकत २०१७ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आली. प्रत्येकीने पाच हजार डॉलर भरले होते, आणि असा अभ्यास तिथल्या सरकारी संकेतस्थळावर नोंदवलेलाही होता.

म्हणून नुसता नोंदणी क्रमांक दाखवला तर माझं समाधान होत नाही. आपल्याकडे सीटीआरआय ही चाचण्यांची सरकारी नोंदवही कुणालाही फुकट पाहता येते, ती जरूर पाहावी. पण नोंद म्हणजे परवानगी नाही. त्यापुढे मी पैशाचं विचारते. खऱ्या संशोधनात प्रयोगाचा खर्च रुग्णाच्या माथी मारायचा नसतो. उलट चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाई देणं नियमांनी बंधनकारक केलं आहे. जिथे प्रयोगही आपल्यावर आणि बिलही आपल्याच नावावर, तिथे संशोधन नाही, विक्री आहे.

तुमच्या घरात कुणी अशा इंजेक्शनांसाठी दागिने किंवा जमीन काढायला निघालं असेल, तर आधी तीन कागद मागा : औषध नियंत्रकांची परवानगी, एथिक्स कमिटीची मंजुरी आणि मराठीतलं संमतीपत्र. ते घरी आणा, आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना दाखवा. कागद द्यायला कुणी का-कू करू लागलं, तर एक रुपयाही भरू नका.