तुतीचा पाला तोडा, पण झाडाची शिदोरी राखून



चाकण, राजगुरुनगर, मावळ या पट्ट्यात आज घरातला एखादा तरी माणूस कारखान्याच्या पाळीला जातो. मागे घरी सासू-सून, दोन जनावरं आणि एक-दीड एकर बागायत. कांदा-बटाट्याच्या जोडीला थोड्या थोड्या दिवसांनी पैसा हातात यावा म्हणून काही जण तुतीकडे वळत आहेत. ही गोष्ट चांगली आहे. पण तुतीची बाग एकदा लावली की नीट राखल्यास १५ वर्षं चालते, आणि नीट न राखल्यास तिसऱ्या वर्षीच खंगते. हा फरक बहुतेक वेळा पाला कधी तोडला आणि कसा तोडला, एवढ्यावरच पडतो. म्हणून आज तेवढाच विषय घेऊ.

मागे मी अशाच एका बागेत गेलो होतो. व्ही-१ जातीची तुती, वय दोन वर्षं. तात्या म्हणाले, “साहेब, पहिल्या वर्षी डोक्याएवढी फांदी यायची, आता काडीसारखी येते. पाणी तेच, खत तेच. बाग रुसली म्हणायची का?” मी वही मागितली. वहीत अंडीपुंज आणल्याच्या तारखा होत्या, फांद्या कापल्याच्या नव्हत्या. दोघांनी बसून हिशेब जुळवला. एकाच तुकड्यावर ४० ते ४५ दिवसांनी कोयता चालला होता, तोही सलग तीन वेळा. बाग रुसली नव्हती, ती उपाशी होती.

पान म्हणजे झाडाची चूल

आपण पाला हे पीक समजतो. झाडाच्या दृष्टीने ती त्याची चूल आहे. झाडाचं अन्न पानातच शिजतं. खाऊन उरलेलं अन्न पिठूळ रूपात खोडात आणि मुळांत साठतं. हीच झाडाची शिदोरी.

फांद्या कापल्या की सगळ्या चुली एका दिवसात विझतात. पण थोड्या दिवसांत डोळे फुटतात. ही फूट कशावर येते? साठवलेल्या शिदोरीवर. त्या काळात बारीक मुळंही काही प्रमाणात मरतात, त्यामुळे झाड पाणी आणि खत कमी ओढतं. कोवळी पानं सुरुवातीला घेणारीच असतात, देणारी नसतात. ती मोठी झाली की झाडाचा रोजचा खर्च भागतो, आणि शेवटच्या काही आठवड्यांत मुळांत पुन्हा भर पडू लागते.

आपण नेमका त्याच वेळी कोयता लावला तर शिदोरी अर्धीच भरलेली राहते. एकदा असं झालं तर झाड सोसतं. पुन्हा पुन्हा झालं की फांद्या कमी आणि बारीक येतात, पान लहान होतं, मग कमजोर झाडं वाळून ओळीत नांगे पडतात.

किती दिवसांनी कापावं?

फांदी कापून खाद्य देण्याच्या पद्धतीत दोन कापण्यांमध्ये ६० ते ७० दिवस जाऊ द्यावेत. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत वाढ मंदावते. तेव्हा तारखेपेक्षा फांदीकडे पाहावं आणि गरज वाटल्यास आणखी थांबावं. नव्या बागेला तर पहिले चार-सहा महिने हात लावू नये, मुळं खोल जाऊ द्यावीत.

मात्र थांबण्यालाही मर्यादा आहे. पाला जून झाला की खालची पानं पिवळी पडून गळतात, राहिलेली राठ होतात आणि किडे ती नीट खात नाहीत.

एकेक पान खुडण्याची पद्धतही आहे. तिच्यात शेंड्याची चार-पाच पानं ठेवता येतात, त्यामुळे झाडाला धक्का कमी बसतो. पण तिला माणसं फार लागतात. घरातला माणूस पाळीला आणि मजूर कारखान्याला, अशा आपल्या भागात प्रौढ किड्यांसाठी फांदी पद्धतच परवडते. तिच्यात झाडाची सगळी पानं एकदम जातात, म्हणून विश्रांतीचे दिवस काटेकोर पाळावे लागतात. पानं खुडलीच तर देठासह खुडावीत. खाली ओरबाडू नयेत. पानाच्या बगलेत पुढच्या फुटीचा डोळा असतो.

खरी चूक कुठे होते?

४५ दिवसांत कोणी हौसेने कापत नाही. चूक आधीच झालेली असते, अंडीपुंजांची मागणी नोंदवताना. १०० अंडीपुंजांच्या किड्यांना सुमारे १ टन पाला लागतो. त्यातला ८० टक्क्यांहून अधिक पाला ते शेवटच्या, म्हणजे पाचव्या अवस्थेत खातात. त्यामुळे पहिले पंधरा दिवस पाला उदंड वाटतो आणि शेवटच्या चार दिवसांत संपतो. किडे तोंड वर करून बसलेले असतात, मग माणूस नाइलाजाने शेजारच्या कोवळ्या तुकड्यात शिरतो. कोवळा, पाणचट पाला खाऊन किडे नरम पडतात, रोग येतो, कोष पातळ होतात. आणि तो तुकडा पुढच्या पिकाला कामाचा राहत नाही. एका चुकीत दोन पिकं जातात.

म्हणून मागणीआधी पाला मोजा. बागेतली मध्यम वाढीची १० झाडं निवडा आणि त्यांची पानं काढून तोला. समजा ४ किलो भरली, म्हणजे झाडाला ४०० ग्रॅम. (५ + ३) × २ फूट जोडओळ लागवडीत अर्ध्या एकरात सुमारे २,७०० झाडं बसतात. पाला झाला १,०८० किलो. म्हणजे अंडीपुंज १०० आणावेत, १५० नाहीत. नांगे असतील तर तेवढी झाडं वजा करा.

एक एकर बागेचे दोन तुकडे करा आणि आलटून पालटून कापा. प्रत्येक तुकड्याला पूर्ण विश्रांती मिळते आणि घरात महिन्या-सव्वा महिन्याने पीक निघतं.

कापणी आणि नंतरची निगा

कोयत्याच्या घावाने खोड चिरतं, साल सोलते आणि त्या जखमेतून रोग व वाळवी आत शिरते. धारदार छाटणी कात्री वापरावी, जाड खोडाला करवत. काप तिरका आणि स्वच्छ असावा. वर्षातून एकदा, पावसाळ्याच्या तोंडावर, जमिनीपासून सुमारे अर्धा फूट ठेवून तळछाटणी करावी.

प्रत्येक कापणीबरोबर जमिनीतलं अन्नही शेताबाहेर जातं. व्ही-१ जातीच्या बागायती तुतीला एकरी वर्षाला ८ टन शेणखत दोन हप्त्यांत आणि नत्र १४० किलो, स्फुरद ५६ किलो, पालाश ५६ किलो पाच हप्त्यांत द्यावं. माती तपासून त्यात कमी-जास्त करावं. रासायनिक खत कापल्या दिवशी टाकू नये, मुळं तेव्हा थकलेली असतात. दोन-तीन आठवड्यांनी नवी फूट दिसल्यावर द्यावं आणि लगेच पाणी द्यावं.

रस्त्याकडेच्या ओळींवर गाड्यांची धूळ बसते. तो पाला किड्यांना न देता जनावरांना घालावा. शेजारच्या कांद्यावर फवारणी झाली असेल, तर उडालेल्या औषधाचा पाला किड्यांनाही नको आणि जनावरांनाही नको.

त्या तात्यांनी एक पीक सोडलं आणि दोन्ही तुकडे पुरते वाढू दिले. एक पीक सोडणं जिवावर येतं, मला कळतं. पण पुढच्या खेपेला फांदी पुन्हा खांद्याला लागली.

लक्षात ठेवा

१. कापणीची तारीख तुकड्यावार वहीत लिहा.
२. दोन कापण्यांत ६० ते ७० दिवस ठेवा, थंडीत जास्त.
३. पाला तोलून मगच अंडीपुंजांची मागणी करा.
४. कोयता नको, धारदार कात्री वापरा.
५. खत आणि पाणी नव्या फुटीला द्या.

अंडी पाल्याच्या मापाने आणा, पाला अंड्यांच्या मापाने तोडू नका. अधिक माहितीसाठी आपल्या जिल्हा रेशीम कार्यालयाला भेटा. जाताना वही मात्र बरोबर न्या.