जलद बस वाहतूक
जलद बस वाहतूक : राखीव मार्गिका, बसच्या मजल्याशी समपातळीतील फलाट व चढण्यापूर्वीच भाडेवसुली यांच्या योगे लोहमार्गीय सेवेप्रमाणे चालविलेली शहरी बससेवा. हिचा पाया ब्राझीलमधील कुरितीबा येथे वास्तुविशारद महापौर झाइमे लेर्नेर यांच्या कारकीर्दीत १९७४ मध्ये घातला गेला. नळीच्या आकाराची स्थानके १९९१ मध्ये आली. या अनुभवाच्या आधारे कोलंबियातील बोगोटा शहराने २००० मध्ये ‘ट्रान्समिलेनिओ’ ही सेवा सुरू केली. तेथे मार्ग व स्थानके सार्वजनिक निधीतून बांधण्यात आली व त्यात इंधनावरील अधिभाराचा मोठा वाटा होता. बसगाड्या मात्र खाजगी कंपन्यांनी आणल्या. त्यांना प्रवासीसंख्येऐवजी धावलेल्या किलोमीटरनुसार मोबदला मिळू लागल्याने प्रवासी मिळविण्यासाठी होणारी धोकादायक चढाओढ या मार्गांवरून नाहीशी झाली. भारतात पुण्याने २००६ मध्ये प्रायोगिक मार्ग सुरू केला. तथापि त्यात स्थानकावरील आगाऊ भाडेवसुलीचा अभाव होता. अहमदाबादचा ‘जनमार्ग’ २००९ मध्ये सुरू झाला. त्याच्या खर्चाची विभागणी केंद्र ३५%, राज्य १५% व महानगरपालिका ५०% अशी ठरली होती. मार्गिकेचा आराखडा दुसऱ्या शहराकडून घेता येतो. निधी, करार व भाडेवसुली यांची घडी मात्र प्रत्येक शहराला स्वतःच बसवावी लागते.