एकट्याची रोजनिशी

माझे वडील होड्या बांधणारे सुतार होते. वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर त्यांचा वाकस चालू असला की मी शेजारी बसून ढलप्या गोळा करीत असे. फळ्यांचा एखादा सांधा मनासारखा बसला नाही, तर ते तो पुन्हा उकलीत आणि म्हणत, "होडी खोटा बोलणा नाय." सांधा फसवा असला की पाणी आत येणारच, एवढाच त्याचा अर्थ. पुढे मी मुंबईस येऊन मराठीचा अध्यापक झालो. हातात वाकसाऐवजी खडू आला. पण शिडाच्या होडीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणाऱ्यांच्या हकिकती वाचण्याचा नाद लागला तो लागलाच.

अशी प्रदक्षिणा पहिल्याने केली ती जोशुआ स्लोकम याने, १८९५ ते १८९८ या काळात. पण तो वाटेत बंदरे घेत, विसावत गेला. कोठेही न थांबता एकट्याने जगाला वळसा घालणे १९६८ पर्यंत कोणाला साधले नव्हते. त्या वर्षी लंडनच्या 'संडे टाइम्स' पत्राने तशी शर्यतच लावली. नऊजण निघाले. शर्यत पुरी करून परतला तो एकच, रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन. आणि वाचकहो, त्याची 'सुहेली' ही बत्तीस फुटी होडी आपल्या मुंबईत बांधलेली होती! सागवानाची, हिंदी सुतारांनी हातच्या हत्यारांनी घडवलेली. १९६४ च्या डिसेंबरात ती पाण्यात उतरली. हे प्रथम वाचले तेव्हा मला त्या सुतारांत माझे वडीलच दिसू लागले.

समुद्रावर एकट्याने राहणे म्हणजे फळ्यांवर पडून चांदणे पाहणे, अशी आपली समजूत असते. खरे पाहता तो अखंड घरकामाचा संसार आहे. फाटलेले शीड शिवायचे, आत आलेले पाणी उपसायचे, डबे उघडून काहीतरी रांधायचे, तुकड्या-तुकड्यांनी झोपायचे आणि सूर्याची उंची मोजून आपण कोठे आहोत ते नोंदवहीत लिहायचे. नॉक्स-जॉन्स्टन आफ्रिकेच्या पश्चिमेस असतानाच होडी गळू लागली. तेव्हा त्याने भर समुद्रात उडी घेतली आणि बुड्या मारमारून तळाच्या सांध्यात कापूस ठोकून भरला. पुढे पिण्याचे पाणी नासले, तेव्हा पावसाचे धरले. संदेश पाठवण्याचा रेडिओ बंद पडला. ऑस्ट्रेलियाजवळ आपोआप सुकाणू सांभाळणारे यंत्र मोडले. न्यूझीलंड सोडल्यावर कित्येक महिने जगाला त्याचा पत्ता नव्हता. १४ जून १९६८ रोजी फालमथहून निघालेला हा गृहस्थ २२ एप्रिल १९६९ रोजी, ३१२ दिवसांनी, तेथेच परतला.

त्याच शर्यतीत फ्रान्सचा बर्नार मोइतेसिए होता. केप हॉर्न ओलांडल्यावर तो जिंकेल असा रंग होता. पण बक्षिसाकडे पाठ फिरवून तो पुन्हा पूर्वेकडे वळला आणि ताहितीस जाऊन थांबला. 'मी येत नाही' हा निरोप त्याने गलोलीने एका जहाजावर फेकला. लोकांनी वेडा म्हटले. पण त्याने कोणाला फसवले नाही.

तिसरा डोनल्ड क्रोहर्स्ट. त्याची होडी दक्षिण समुद्राला टिकणारी नव्हती, हे निघाल्यावर लवकरच त्याच्या ध्यानात आले. परत फिरावे तर घरदार कर्जात बुडणार. तेव्हा तो अटलांटिकमध्येच घुटमळत राहिला आणि आपण वेगाने पुढे चाललो आहोत, अशा खबरा रेडिओवरून धाडू लागला. खऱ्या मुक्कामांच्या जोडीला खोटे मुक्काम बेतून लिहू लागला. त्याच्या खोट्या प्रगतीच्या धास्तीने नायजेल टेटली याने आपली मोडकळलेली होडी दामटली. ती परतीच्या वाटेवर बुडाली, तो कसाबसा वाचला. १० जुलै १९६९ रोजी क्रोहर्स्टची होडी रिकामी तरंगताना सापडली. वह्या होत्या, माणूस नव्हता. नॉक्स-जॉन्स्टनने आपल्या बक्षिसाचे पाच हजार पौंड त्याच्या कुटुंबाला देऊन टाकले.

एकटेपण तिघांच्याही वाट्याला सारखेच होते. मला वाटते, क्रोहर्स्टला बुडवले ते त्या खोट्या नोंदीने. ज्याचे ठिकाण कोणालाच ठाऊक नाही, त्याच्या मदतीला कोण जाणार?

आता काळ पालटला. गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई'तून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये बंदरे घेत, आणि अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये कोठेही न थांबता, एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पुरी केली. आज अशा होडीत उपग्रहाचा फोन असतो. घरच्यांशी बोलता येते. पण फोन असला म्हणजे खरे बोलणे होतेच, असे थोडेच आहे?

वडील गेल्यापासून आई गावच्या घरात एकटी राहते. मुंबईला ये म्हटले की विहीर, माड आणि मांजर यांची सबब सांगते. रोज रात्री मी फोन करतो आणि ती म्हणते, "मी बरी आसंय, तू काळजी करू नको." या श्रावणात ती विहिरीपाशी घसरून पडली. मला कळले ते तीन आठवड्यांनी, शेजारच्या काकूंकडून. मी फार रागावलो. मग आठवले, की गेले सहा महिने रक्तदाबासाठी डॉक्टरांकडे चाललेल्या माझ्या फेऱ्या मीही तिला सांगितलेल्या नाहीत. दोघेही रोज इमानाने फोन करीत होतो आणि दोघेही खोटे मुक्काम कळवीत होतो!

हा लेख लिहून झाला त्या रात्री मी फोन लावला. "आई, माझा रक्तदाब वाढला आहे. रोज गोळी चालू आहे," एवढे बोललो. पलीकडे बराच वेळ काही ऐकू आले नाही. मग ती हळूच म्हणाली, "माजो पाय अजून दुखता रे. रात्री झोप लागणा नाय."

उद्या रात्रीच्या गाडीने निघतो आहे.