फक्त डावा पाय सुजतोय? जाणून घ्या मे-थर्नर सिंड्रोमबद्दल

तासन् तास लॅपटॉपसमोर बसलं की पाय जड होतात, थोडं चाललं की बरं वाटतं. पण एकच पाय, आणि त्यातही डावा, अचानक सुजला आणि दुखायला लागला, तर ते अंगावर काढू नका.

नेमकं काय होतं?

डाव्या पायातलं रक्त हृदयाकडे नेणारी मोठी शीर ओटीपोटात उजव्या पायाकडे जाणाऱ्या धमनीच्या खालून जाते. मागे पाठीचा कणा, पुढे धमनी आणि मध्ये ही शीर! पाण्याच्या पाइपवर पाय ठेवल्यासारखी ती दबते. धमनीच्या सततच्या ठोक्यांनी शिरेच्या आत पडदे तयार होतात, रक्त संथ होतं आणि गुठळी होऊ शकते. पायातल्या अशा खोल गुठळीलाच डीव्हीटी म्हणतात.

१९५७ मध्ये मे आणि थर्नर यांनी ४३० मृतदेह तपासले, तेव्हा सुमारे २२ टक्के शरीरांत शिरेतले हे बदल सापडले. म्हणजे शीर दबलेली असणं तसं दुर्मिळ नाही, त्यातून आजार होणं दुर्मिळ आहे. बहुतेकांना काहीच त्रास होत नाही. गरोदरपण, गर्भनिरोधक गोळ्या, ऑपरेशननंतरची विश्रांती किंवा लांबचा प्रवास यांची भर पडली की धोका वाढतो. तरुण स्त्रियांमध्ये हा आजार जास्त दिसतो.

कसं कळतं?

स्मार्टवॉच हृदयाचे ठोके मोजतं, पायातली गुठळी त्याला दिसत नाही. त्यासाठी आधी डॉप्लर सोनोग्राफी करतात. ओटीपोटातली शीर खोल असल्यामुळे ती तिथे नीट दिसेलच असं नाही. मग सीटी किंवा एमआर व्हेनोग्राफी लागते. काही वेळा बारीक अल्ट्रासाउंड प्रोब थेट शिरेत घालून पाहतात.

उपचार काय?

रक्त पातळ करणारी औषधं देतात. पण त्यांनी शिरेवरचा दाब हटत नाही. म्हणून गरजेनुसार नळीद्वारे गुठळी काढून शिरेत स्टेंट बसवतात.

हे लक्षात ठेवा

सुजलेल्या पायाला मालीश करू नका, गुठळी सुटून फुप्फुसात जाऊ शकते. अचानक धाप लागली, छातीत दुखलं किंवा खोकल्यातून रक्त आलं, तर सर्च करत बसू नका, लगेच १०८ ला फोन करा. आणि डीव्हीटी डाव्या पायात झाली असेल, तर डॉक्टरांना नक्की विचारा, “वरची शीर दबलेली आहे का?”