दोन अणू एकत्रच पडतात का?

एक जाड पुस्तक घ्या, त्यावर कागदाचा छोटा कपटा ठेवा आणि पुस्तक सोडून द्या. कपटा तरंगत मागे राहत नाही, पुस्तकाबरोबरच खाली येतो. अडथळा हवेचा असतो, वजनाचा नाही. १९७१ मध्ये अपोलो १५ च्या डेव्हिड स्कॉट यांनी चंद्रावर हातोडा आणि पीस एकदम सोडून हेच दाखवलं.

वस्तू कशाचीही असो, ती सारख्याच त्वरणाने पडते. हे समतुल्यता तत्त्व. आइन्स्टाइनची सामान्य सापेक्षता याच पायावर उभी आहे. पण गुरुत्व आणि क्वांटम सिद्धांत यांचं अजून जुळलेलं नाही. त्यांना जोडू पाहणारे काही सिद्धांत सांगतात, की पुरेसं बारीक पाहिलं तर पडण्यात फरक दिसेल.

मग पाहायचं कसं? स्टॅनफर्ड विद्यापीठात मार्क कासेविच यांच्या गटाकडे १० मीटर उंच निर्वात नळी आहे. तिच्यात रुबिडियम-८५ आणि रुबिडियम-८७ यांचे अतिथंड अणू एकत्र वर उडवतात. ही जुळी भावंडंच, फक्त ८७ मध्ये दोन न्यूट्रॉन जास्त. लेझरचा पहिला झोत प्रत्येक अणूची लहर दोन वाटांवर विभागतो, मधला त्या वाटा वळवतो, शेवटचा एकत्र आणतो. लहरी किती मागेपुढे झाल्या, त्यावरून त्वरण कळतं. झोत दोघांना एकच, त्यामुळे उपकरणाची थरथर वजाबाकीत निघून जाते.

खरी डोकेदुखी वेगळीच. मीटरभर वर गेलं की गुरुत्व कोटीत तीन भागांनी कमी होतं. दोन ढगांत केसाच्या जाडीच्या विसाव्या भागाएवढं अंतर राहिलं, तरी खोटा फरक दिसतो. मधल्या झोताची वारंवारता किंचित बदलून तो भरून काढतात.

२०२० चा निकाल: एक लाख कोटीत एक भाग इतक्या बारकाईपर्यंत फरक नाही.

फ्रान्सच्या 'मायक्रोस्कोप' उपग्रहाने प्लॅटिनम आणि टायटॅनियम वापरून याहून सुमारे हजारपट बारीक मोजलंय. मग अणू कशाला? कारण तिथे घडवलेले धातूचे तुकडे पडत होते. इथे एकच अणू एकाच वेळी दोन वाटांनी पडतो. आइन्स्टाइनचा नियम अशा अणूलाही लागू पडतो का, हे अणूलाच विचारावं लागतं. आतापर्यंतचं उत्तर 'हो' आहे.