राहिलेले रोजे, राहिलेले किलोमीटर

गेल्या रमजानमध्ये तेरा रोजे झाले आणि चौदाव्याच्या सहरीला मला उठताच येईना. टायफॉइड निघाला. उरलेले सोळा रोजे सुटले आणि त्यांच्याबरोबर चिंचणीच्या किनाऱ्यावरचं पहाटेचं पळणंही. रोजे सुटल्याचं दुःख चारचौघांत सांगता यायचं. पळणं सुटल्याचं सांगायला मात्र संकोच वाटे. चाळिशी उलटलेल्या प्राध्यापकाचं पळणं, लोकांच्या लेखी ती एक हौसच.

रोज्यांबाबत कुरआनचा आदेश साफ आहे. जो आजारी किंवा प्रवासात असेल, त्याने तेवढे दिवस नंतर भरून काढावेत. या सवलतीला 'रुखसत' म्हणतात आणि नंतर ठेवलेल्या रोज्याला 'कजा'. 2012चं लंडन ऑलिंपिक रमजानमध्येच आलं, तेव्हा धावपटू मो फराहनेही रोजे पुढे ढकलले होते.

पळण्याच्या बाबतीत ही रुखसत मी स्वतःला दिली नाही. डॉक्टरांनी मे महिन्यात परवानगी दिली आणि मी थेट जुन्या वेगाने निघालो. तीनशे मीटरवर धाप लागली. वर भरतीची वेळ न बघता गेलेलो, त्यामुळे पायाखाली मऊ, भुसभुशीत वाळू. (आपल्याकडे पळायचं तर ओहोटीच्या ओल्या, घट्ट वाळूवर, मऊ वाळूत टाचेमागची शीर ताणते.) आठवडाभर पोटरी धरून बसलो. बूट माळ्यावर गेले.

नोव्हेंबरात कजा रोजे सुरू केले, तेव्हा कळलं की ते रमजानपेक्षा अवघड असतात. रमजानमध्ये सगळा मोहल्ला जागा असतो. कजाच्या सहरीला आपल्याच स्वयंपाकघरात दिवा. पालघरला स्टाफरूममध्ये चहा येतो आणि 'आज कसला रोजा, सर?' हे समजावत बसावं लागतं. आमच्या घरातल्या बायका दरवर्षी काही रोजे असेच नंतर एकटीने भरून काढतात, गाजावाजा न करता. इतकी वर्षं ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं. मी सोळाचा आकडा घेऊन बसलो होतो, पत्नी म्हणाली, "उद्या सोमवार आहे, एक होऊन जाऊ दे." तिने कॅलेंडरवर खूण केली.

त्याच कॅलेंडरवर मी पळणं लिहू लागलो. एक मिनिट पळणं, दोन मिनिटं चालणं, असं वीस मिनिटं. वेग दाखवणारं घड्याळ कपाटात ठेवलं. आजारानंतर दम लवकर परत येतो. स्नायूबंध आणि नडगीच्या हाडाला जास्त वेळ लागतो. पाय दुखावतात ते नेमके बरं वाटायला लागल्यावर.

आमच्या ग्रुपमधले एक मित्र तारापूर एमआयडीसीत कामाला आहेत. नाइट शिफ्ट संपवून किनाऱ्यावर यायचे. मी मागे पडलो की म्हणायचे, "सर, पाय जड झालेत, चला चालू." त्यांचे पाय रोज नेमके तेव्हाच कसे जड व्हायचे, हे मी विचारलं नाही.

बीडच्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेला 2018 मध्ये घोट्याच्या दुखापतीने आशियाई स्पर्धेला मुकावं लागलं. त्याच वर्षी भुवनेश्वरला त्याने स्टीपलचेसमधला गोपाल सैनी यांचा 37 वर्षांचा राष्ट्रीय विक्रम मोडला आणि 2023च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत सुवर्ण घेतलं. जुलै 2025 मध्ये मोनॅकोत पाण्याच्या अडथळ्याशी पडून गुडघ्याचा स्नायूबंध फाटला. टोकियोची जागतिक स्पर्धा हुकली. पदकाचे फोटो आपण छापतो. गुडघा वाकवायला नव्याने शिकण्याच्या महिन्यांचे कोण छापणार?

सध्या असरच्या नमाजनंतर, इफ्तारच्या आधी अर्धा तास हळूहळू पळतो. घसा सुकला की चालतो. पाण्याची भरपाई इफ्तार ते सहरी. मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी मात्र माझं न ऐकता डॉक्टरांना विचारावं.

रविवारी ते एमआयडीसीवाले मित्र इफ्तारला आले होते. भिंतीवरचं कॅलेंडर त्यांनी वाचलं. न थांबता पाच किलोमीटर, पुढे तारीख. खाली चौदा खुणा.

"आणि हे दोन?"

"ईदनंतर," पत्नी म्हणाली आणि खजुराची ताटली त्यांच्याकडे सरकवली.