पडद्यावर नुसता ‘व्ही’

२०१८च्या उन्हाळ्यात विरारच्या घरी माझ्या डोक्यात एक खूळ शिरलं: ऑपरेटिंग सिस्टीम जागी होण्याआधीच चालेल असा प्रोग्राम लिहायचा. १९८१च्या आयबीएम पीसीपासून चालत आलेल्या बायोसची गादी तोवर यूईएफआय फर्मवेअरकडे आली होती. बायोसच्या काळात डिस्कच्या पहिल्या सेक्टरात सुरुवातीच्या कोडला ४४६ बाइट मिळत. यूईएफआयमध्ये फॅट पार्टिशनवर सी भाषेतला प्रोग्राम फाइल म्हणून ठेवला की झालं. म्हटलं, रविवारचं काम आहे.

घोडं टूलचेनपाशी अडलं. लिनक्सवरचा जीसीसी ईएलएफ फाइल बनवतो. फर्मवेअरला लागते विंडोजच्या घराण्यातली पीई फाइल. जीएनयू-ईएफआयची युक्ती अशी, की आधी शेअर्ड लायब्ररी बांधायची, मग ऑब्जकॉपीने तिचं पीई करायचं. मेकफाइल मी स्वतः लिहिली, क्यूईएमयू एम्युलेटरला ओव्हीएमएफ फर्मवेअर जोडलं आणि प्रोग्राम चालवला. रोमन लिपीत ‘विरार’ उमटायला हवं होतं. उमटला नुसता ‘व्ही’.

दोन रात्री फर्मवेअरला बोल लावले. चूक माझीच होती. लिनक्सवर वाइड अक्षर चार बाइटचं, यूईएफआयमध्ये दोनचं. ‘व्ही’पुढचे दोन बाइट शून्य, म्हणजे फर्मवेअरच्या लेखी शब्द तिथेच संपला. वाइड अक्षर आखूड करणारा एक पर्याय कंपायलरला दिला, तेव्हा अख्खं विरार आलं.

पुढे फर्मवेअरची सेवा थेट बोलावली, तर मशीन गोठली. लिनक्सच्या रीतीने पहिलं आर्ग्युमेंट आरडीआय रजिस्टरमध्ये जातं; फर्मवेअर ते आरसीएक्समध्ये शोधतं. आपण चार नंबरवर ताटकळत उभे आणि लोकल लागली तीनवर, तसा प्रकार.

जुलैत वसई-विरार पाण्याखाली गेलं. गाड्या बंद, वीज गायब. ती परत आल्यावर ईडीके-दोन हे यूईएफआयचं डेव्हलपमेंट किट उतरवायला घेतलं. इंटेलने २००४मध्ये खुल्या केलेल्या फर्मवेअर कोडचा हा पुढचा अवतार. त्यात प्रोग्राम बांधण्याआधी बांधणीची अवजारंच बांधावी लागतात. शिवाय पायथन, नॅझम आणि प्रत्येक मॉड्यूलची वर्णनफाइल. एवढं करूनही जीसीसीने बांधलं तर पडद्याआड ईएलएफचं पीई करणं चुकत नाहीच.

क्लँग आणि एलएलडी वापरायला लागल्यावर हा द्राविडी प्राणायाम सुटला. लक्ष्य विंडोज सांगितलं की पीई थेट मिळते, अक्षरं दोन बाइटची होतात, रजिस्टरही बरोबर जुळतात. जानेवारी २०२३च्या १.६७ आवृत्तीपासून रस्टमध्येही यूईएफआयची लक्ष्यं तयार मिळू लागली. एक कमांड दिली की काम सुरू.

ती जुनी मेकफाइल आता लागत नाही. पण ‘व्ही’वर थांबणारा प्रोग्राम मी पेनड्राइव्हवर जपून ठेवलाय. कुणी शिकायला आलं की आधी तोच चालवून दाखवतो आणि विचारतो, बाकीचं विरार कुठे गेलं?